नजरेचा रस्ता शोधणारे इब्नुल हैसम

इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात एक जुनं अरबी हस्तलिखित जपून ठेवलेलं आहे. हिजरी ४७६ मध्ये, म्हणजे इ.स. १०८३-८४ च्या सुमारास ही नक्कल उतरवली गेली. उतरवणारे होते मूळ लेखकाचे जावई. त्यातल्या एका पानावर साधंसं रेखाचित्र आहे. दोन डोळे, मध्ये नाक, दोन्ही डोळ्यांच्या मागून निघालेल्या दोन नसा. पुढे या नसा एका ठिकाणी मिळतात आणि मग मेंदूकडे जातात. डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा रस्ता दाखवणारं, आज हाती असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं चित्र मानलं जातं.

ग्रंथाचं नाव 'किताबुल मनाझिर' आणि लेखक अबू अली अल-हसन इब्नुल हैसम. युरोपने त्यांना अल्हाझेन या नावाने ओळखलं. इराकच्या दहा हजार दिनारच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं गेलं, चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. आपल्या घरांत मात्र त्यांचं नाव निघालं तर फक्त 'मुसलमान शास्त्रज्ञ' एवढ्याच ओळखीने निघतं. त्यांनी नेमकं काय केलं, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात मुलीची नजर अचानक मंदावली तर त्यांचा अभ्यास आपल्या काय कामाचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

बसऱ्याहून काहिऱ्याला

इब्नुल हैसम यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास, हिजरी ३५४ मध्ये, इराकमधल्या बसऱ्यात झाला. तो अब्बासी खिलाफतीचा काळ. ग्रीक भाषेतली गणिताची, वैद्यकाची, खगोलाची पुस्तकं त्याआधीच्या दीडदोनशे वर्षांत अरबीत आली होती. या कामात हुनैन इब्न इसहाक यांच्यासारख्या ख्रिस्ती विद्वानांचाही मोठा वाटा होता. डोळ्याच्या रचनेवर हुनैन यांनी लिहिलेली प्रकरणं पुढे कित्येक पिढ्या हकीम लोक वाचत राहिले. म्हणजे बसऱ्याच्या या तरुणाच्या हाती आयतं भांडार आलं होतं. ते फक्त पाठ करायचं की तपासून बघायचं, हा प्रश्न होता. त्यांनी तपासायचं ठरवलं.

गणितात आणि बांधकामाच्या हिशोबात त्यांचं नाव झालं. पुढची हकीकत चरित्रकार अल-किफ्ती यांनी नोंदवली आहे. नाईल नदीला कधी महापूर येतो, कधी पाणी कमी पडतं, आणि दोन्ही वेळा इजिप्तचे शेतकरी मरतात. आपण तिथे असतो तर या पाण्याचा बंदोबस्त केला असता, असं इब्नुल हैसम बोलून गेले. ही गोष्ट इजिप्तचे फातिमी खलीफा अल-हाकिम यांच्या कानावर गेली. विद्येची कदर करणारे म्हणून त्यांची ख्याती होती. काहिऱ्यात त्यांनीच इ.स. १००५ मध्ये 'दारुल इल्म' उभारलं होतं. त्यांनी इब्नुल हैसम यांना सन्मानाने बोलावून घेतलं आणि माणसं, साधनं देऊन कामाला पाठवलं.

इब्नुल हैसम नदीच्या काठाकाठाने दक्षिणेला गेले. वाटेत त्यांनी इजिप्तच्या प्राचीन लोकांची भव्य बांधकामं पाहिली. इतकं बारकाईचं काम करणाऱ्यांना नदी अडवणं शक्य असतं तर त्यांनी ते केलंच असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. अस्वानजवळ जिथे नदी खडकांतून उतरते तिथे पोचल्यावर खात्रीच पटली. त्या काळच्या साधनांनी हे होणारं नव्हतं. त्याच भागात मोठं धरण पूर्ण व्हायला १९७० साल उजाडावं लागलं.

परत येऊन त्यांनी खलीफांपुढे कबुली दिली. खलीफांनी त्यांना एक सरकारी काम दिलं. पण अल-हाकिम यांचा स्वभाव कधी कसा फिरेल याचा भरवसा नाही, असं त्या काळचे लोक मानत. इब्नुल हैसम यांना जिवाची भीती वाटू लागली. मग त्यांनी वेड लागल्याचं सोंग घेतलं. वेड्या माणसाला त्या राज्यात शिक्षा होत नसे. त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली गेली, देखरेखीला माणूस नेमला गेला आणि त्यांना घरातच डांबून ठेवलं गेलं. इ.स. १०२१ मध्ये, हिजरी ४११ मध्ये, अल-हाकिम यांची कारकीर्द संपली तेव्हा हे वेडही 'बरं' झालं.

अंधारी खोली

किताबुल मनाझिर याच कोंडलेल्या वर्षांत लिहिलं गेलं, असं अनेकजण सांगतात. काही अभ्यासक ते सुटकेनंतरचं मानतात. ते काहीही असो, सात भागांच्या या ग्रंथाने नजरेचा विचारच बदलून टाकला.

त्याआधी युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे मोठे गणिती मानत की डोळ्यातून किरण निघतात, वस्तूला जाऊन लागतात आणि म्हणून ती दिसते. इब्नुल हैसम यांनी साधा सवाल केला. सूर्याकडे बघितल्यावर डोळा का दुखतो? उजेडाकडे टक लावून मग अंधारात पाहिलं तरी त्या उजेडाचा ठसा डोळ्यांपुढे का राहतो? म्हणजे काहीतरी बाहेरून डोळ्यात येतं आणि डोळ्यावर परिणाम करतं. डोळा मशालीसारखा उजेड फेकत नाही. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून उजेड सगळीकडे सरळ रेषेत पसरतो, त्यातला काही डोळ्यात शिरतो.

हे नुसतं बोलून ते थांबले नाहीत. एका अंधाऱ्या खोलीला त्यांनी बारीक भोक ठेवलं आणि बाहेर ओळीने दिवे लावले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जाई, बाकीचे तसेच राहत. झाकण काढलं की ठिपका परत येई. याचा अर्थ, सगळ्यांचा उजेड एकाच भोकातून येतो तरी एकमेकांत मिसळत नाही. हा प्रयोग आपल्या मुलांनाही करता येईल. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, तीन मेणबत्त्या लावा, खोलीत अंधार करा. दुपारी कडुनिंबाखाली पानांच्या फटींतून जमिनीवर जे गोल गोल कवडसे पडतात, तीही सूर्याचीच चित्रं आहेत. सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. इब्नुल हैसम यांनी ग्रहणाच्या अशा आकारांवर एक वेगळी पुस्तिकाच लिहिली आहे.

एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं. आज शाळेच्या प्रयोगशाळेत आपण जे शिकवतो ते हेच. टॉलेमीसारख्या उस्तादावरही त्यांनी 'शंका' या नावाचं पुस्तक लिहिलं. मोठ्या माणसाचा आदर ठेवायचा, पण त्याचं म्हणणं तपासल्याशिवाय पुढे द्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज होता.

दोन डोळे, पण दिसतं एक

आता मूळ मुद्दा. डोळे दोन आहेत, मग वस्तू एकच का दिसते?

एक बोट नाकासमोर हातभर अंतरावर धरा आणि लांबच्या खांबाकडे बघा. बोटं दोन दिसतील. आता बोटाकडे बघा, खांब दोन होतील. इब्नुल हैसम यांनी एका फळीवर मेणाचे रंगीत तुकडे ठेवून हे फार बारकाईने तपासलं. कुठे ठेवल्यावर एक दिसतो, कुठे दोन, याची त्यांनी नोंद केली. मग त्यांनी निष्कर्ष काढला की पाहण्याचं काम डोळ्यात पुरं होत नाही. दोन्ही डोळ्यांतून आलेली चित्रं मागे एका ठिकाणी मिळतात. त्या ठिकाणाला त्यांनी सामाईक नस म्हटलं. तिथून पुढे मेंदूत ओळख पटते, आधी पाहिलेल्याशी तुलना होते, अंदाज बांधला जातो. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो तो डोळ्यामुळे नव्हे, मेंदूच्या अंदाजामुळे, हेही त्यांनी मांडलं.

डोळ्याची आणि नसांची रचना त्यांनी आधीच्या वैद्यक ग्रंथांतून घेतली. त्यामुळे काही चुकाही आल्या. डोळ्याची नस पोकळ असते, असं गॅलेन या ग्रीक वैद्याप्रमाणे तेही मानत. चित्र डोळ्यातल्या भिंगावर उमटतं असं त्यांना वाटे. ते पडद्यावर आणि उलटं उमटतं, हे १६०४ मध्ये केपलरने दाखवलं. नजरेची शेवटची जागा त्यांनी मेंदूच्या पुढच्या भागात मानली होती, प्रत्यक्षात ती मागे, डोक्याच्या पाठीमागच्या भागात आहे. दोन नसा जिथे भेटतात तिथे निम्म्या तारा आपली बाजू बदलतात, हेही पुढच्या विद्वानांनी शोधलं. एवढं असूनही रस्त्याचा नकाशा मुळात बरोबर निघाला. डोळा, मग नस, मग दोन नसांची चौफुली, मग मेंदू.

शेवटची वर्षं आणि वारसा

सुटकेनंतर इब्नुल हैसम काहिऱ्यात अल-अझहरच्या दरवाजाजवळ राहिले. पोटासाठी ते पुस्तकांच्या नकला उतरवत. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचं अल-मजिस्ती आणि गणिताची आणखी काही पुस्तकं, अशी वर्षाकाठी एक जोडणी तयार करायची. तिचे दीडशे दिनार येत. तेवढ्यात वर्ष काढायचं. ज्या टॉलेमीच्या चुका त्यांनी दाखवल्या, त्याचंच पुस्तक सुंदर अक्षरात उतरवून त्यांनी चरितार्थ चालवला. इ.स. १०४० च्या सुमारास, हिजरी ४३० च्या आसपास त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या लिखाणापैकी पन्नासएक कृती आज टिकून आहेत.

नवल म्हणजे किताबुल मनाझिर कित्येक वर्षं पूर्वेकडे फारसं वाचलं गेलं नाही. इराणचे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर मोठं भाष्य लिहिलं आणि इंद्रधनुष्य कसं पडतं ते उलगडलं. त्यांचा काळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. युरोपात मात्र त्याआधीच लॅटिन भाषांतर पोचलं होतं. रॉजर बेकनने ते अभ्यासलं. १५७२ मध्ये बाझल शहरात ते छापून निघालं. केपलरपर्यंत सगळ्यांनी त्यावर पुढचं बांधकाम केलं. २०१५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी प्रकाशाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा इब्नुल हैसम यांच्या कामाला हजार वर्षं झाली म्हणून त्यांची खास आठवण काढली गेली.

तोच रस्ता आता एमआरआयवर

आज या रस्त्याची गरज कुठे पडते ते बघू.

समजा पंचवीस-तीस वर्षांच्या एका मुलीला दोन-तीन दिवसांत एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं. डोळा फिरवला की मागे दुखतं. लाल ओढणी विटल्यासारखी दिसते. आरशात बघितलं तर डोळा नितळ आहे, ना लाली, ना मोतीबिंदू. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक नाही. घरचे म्हणतात, मोबाइल जास्त बघते. कुणी म्हणतं, नजर लागली. डोळ्यात दोष दिसत नाही म्हणून मुलीच्या बोलण्यावरच शंका घेतली जाते.

इथे इब्नुल हैसम यांचा धडा आठवावा. डोळा चांगला असून दिसत नसेल तर डोळ्याच्या मागचा रस्ता बघा.

प्रत्येक डोळ्याच्या नसेत दहा लाखांहून जास्त बारीक तारा असतात. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं या तारांवर एक आवरण असतं. काही आजारांत शरीराची रोगप्रतिकारक शक्ती, जी जंतूंशी लढायला असते, ती आपल्याच नसांवर उलटते. या आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस हा त्यातला एक. दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. तिसऱ्याला मॉग म्हणतात. तिन्हींत डोळ्याच्या नसेला सूज येऊ शकते आणि सुरुवातीला तिन्ही सारखेच वाटू शकतात.

फरक कळायला मदत करतो एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरींनी आतलं चित्र काढलं जातं. डोळ्याची नस जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची आणि तिच्याभोवती चरबी असते. चित्रात चरबी इतकी उजळ दिसते की सुजलेली नस तिच्यात हरवून जाते. म्हणून चरबीची चमक दाबून चित्र घेतात आणि शिरेतून एक औषध सोडतात, म्हणजे सुजलेला भाग उजळून निघतो. नको असलेला उजेड झाकायचा, म्हणजे हवा तो दिसतो. अंधाऱ्या खोलीत दिवे झाकणाऱ्याने हे लगेच ओळखलं असतं.

एमएसमध्ये सहसा एकाच नसेचा छोटा तुकडा सुजलेला दिसतो आणि मेंदूत ठरावीक जागी ठिपके असतात. एनएमओमध्ये सूज लांबलचक असते, नसेच्या मागच्या भागात आणि कधी थेट चौफुलीपर्यंत. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही ती तीन किंवा जास्त मणक्यांच्या लांबीची असू शकते. मॉगमध्ये अनेकदा दोन्ही डोळ्यांच्या नसा पुढच्या बाजूने सुजतात आणि नसेभोवतीचं वेष्टनही उजळतं. प्रत्येक रुग्णात हे असंच दिसेल असं नाही. म्हणून सोबत रक्ताची तपासणी लागते. एनएमओ ओळखणारी अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, तोवर हा आजार बऱ्याचदा एमएस समजला जाई.

नाव नेमकं कळणं इतकं गरजेचं का? कारण एमएसची काही औषधं एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात. आणि एनएमओचा झटका जोरदार असतो. वेळेवर इलाज झाला नाही तर गेलेली नजर परत येत नाही, पायातलं बळही जाऊ शकतं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो.

आपल्या घरासाठी

चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, मेंदूच्या तज्ज्ञ डॉक्टरसाठी आपल्याला बऱ्याचदा अकोला किंवा नागपूर गाठावं लागतं. प्रवास, मुक्काम, तपासण्यांचा खर्च, सगळं खरं आहे. तरी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

अचानक एका किंवा दोन्ही डोळ्यांची नजर कमी झाली, डोळा हलवताना दुखलं, रंग फिके दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. ते बुबुळावर बॅटरी मारून आणि रंग तपासून बराच अंदाज घेतात. गरज वाटली तर मेंदू आणि डोळ्यांच्या नसांचा एमआरआय सांगतात. शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही बसवलेलं असेल, गर्भ असेल, किडनीचा आजार असेल तर ते आधीच सांगावं. कित्येक दिवस न थांबणारी उचकी किंवा उलट्या, पायांत मुंग्या, लघवी अडकणं, हेही कधी कधी याच आजाराचं लक्षण असतं. पोटाचा विकार समजून ते सोडून देऊ नये.

नसेला सूज असेल तर बहुतेक वेळा काही दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. फरक पडला नाही तर रक्तातला द्रव बदलण्याचाही इलाज आहे. एनएमओमध्ये पुढचा झटका येऊ नये म्हणून लांबवर औषध चालतं. बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला इलाज बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

आणखी एक गोष्ट, बोलायला अवघड आहे पण बोलायला हवी. मुलीच्या रिश्त्यात अडचण येईल म्हणून असे आजार लपवले जातात. औषध चोरून घ्यावं लागतं, मग ते सुटतं, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत झटका येतो. त्या महिन्यांत एनएमओचा झटका येण्याची शक्यता मुळातच जास्त असते. इब्नुल हैसम यांना जीव वाचवण्यासाठी आजारी असल्याचं सोंग करावं लागलं. आपल्या मुलीला निरोगी असल्याचं सोंग करायला लावू नये, त्यात तिची नजर जाऊ शकते. वेळेवर औषध घेणाऱ्या कित्येकजणी संसार करतात, मुलं वाढवतात, नोकरी करतात.

दुआ जरूर करावी, बुजुर्गांकडूनही घ्यावी. इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे. एक दुसऱ्याच्या आड येत नाही. इब्नुल हैसम यांनी नजर ही अल्लाहची नेमत मानूनच ती कशी चालते याचा अभ्यास केला, दिवा झाकून बघितला, फळीवर मेण ठेवून बघितलं. आपल्या मुलामुलींमधून उद्या कुणी रेडिओलॉजिस्ट होईल, कुणी मेंदूचा डॉक्टर होईल, इन्शाअल्लाह. तोवर घरात कुणी म्हणालं की मला नीट दिसत नाही, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवू आणि दवाखान्याची वाट धरू.

अल्लाह इब्नुल हैसम यांची मगफिरत करो आणि आपल्या लेकरांची नजर सलामत ठेवो. आमीन.